कापशी कुणी ओळखली?

*ताई, नमस्कार.*

*मी मूळची वर्ध्याची. लग्नानंतर चार वर्षं पुण्यात, आणि आता बारा वर्षं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये. पुण्यात असताना महिन्याला एखादा किल्ला व्हायचाच. इथे मुलं जरा मोठी झाल्यावर मी एका निसर्ग-क्लबात स्वयंसेवक म्हणून जायला लागले. रविवारी सकाळी हा क्लब लोकांना खाडीकाठी पक्षी दाखवायला नेतो. माणसं चांगली आहेत. बहुतेक निवृत्त, बहुतेक गोरी. पन्नास-साठ जणांत आम्ही सावळे चारपाच.*

*गेल्या वर्षी क्लबने 'डायव्हर्सिटी कमिटी' काढली आणि मला तिच्यावर घेतलं. काम एकच: तुमच्या लोकांना घेऊन या. मी हौसेने आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला, तर चौतीस माणसं आली! साडेसातची वेळ, आणि सगळे जमेपर्यंत सव्वाआठ झाले. सोबत आजी-आजोबा, बाबागाड्या, पोह्यांचे डबे. एका काकांच्या फोनवर भूपाळी चालू होती, ती मी बंद करायला लावली. माझ्या सासूबाई यवतमाळच्या, वय ७२, सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. चालता चालता त्या थांबल्या आणि वर बोट दाखवून मोठ्याने म्हणाल्या, "अगं, ही तर आपली कापशी!" वॉक नेणाऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सासूबाई एकदम गप्प झाल्या. पुढे बाकांपाशी डबे उघडले, तर त्याच बाई हसत म्हणाल्या, "ही पिकनिक नाही बरं का." एका गृहस्थांनी काकांना विचारलं, "तुम्ही सगळे इथलेच का?" दोन दिवसांनी मला मेल आला. पुढच्या वेळी तुमच्या लोकांना ट्रेलवर कसं वागायचं ते आधी समजावून आणाल का?*

*सासूबाई आता यायला तयार नाहीत. म्हणतात, "आपल्याला काय करायचंय तिथे."*

*दुसरी गोष्ट लिहायची लाज वाटते. मंडळाच्या सहलीसाठी मी ओकलंडचं लेक मेरिट सुचवलं. एका काकांनी लिहिलं, "तिकडे कशाला, तिकडे तसले लोक असतात." त्यावर सतरा अंगठे पडले. मीही गप्प बसले.*

*क्लब सोडू का? आपल्या लोकांना निसर्गाकडे आणायचं तरी कसं? की मीच राईचा पर्वत करतेय?*

*— वर्ध्याची लेक*

---

वर्ध्याच्या लेकी,

तुला अगंतुगं करते. आमच्या घरातही एक नागपूरकडची सून आहे, त्यामुळे सवय आहे.

आधी सासूबाईंचं. त्यांनी ओळखलेला पक्षी कापशी नव्हता, पण त्यांची चूक एवढीशीच होती की ती पक्षीशास्त्रज्ञांनीही केलेली आहे. तुमच्याकडे खाडीकाठच्या गवताळ पट्ट्यावर पांढरी, लाल डोळ्यांची, खांद्यावर काळा डाग असलेली जी घार हवेत एका जागी फडफडत थांबते, ती आपल्या कापशीची सख्खी चुलत बहीण. दोघींचं कूळ एक, शिकार करायची रीत एक. काही वर्षं तर शास्त्रज्ञ दोघींना एकाच जातीत धरत होते, मग पुन्हा वेगळं केलं. म्हणजे यवतमाळच्या शेताच्या बांधावरून आयुष्यभर जी बघितली, ती सासूबाईंनी अर्ध्या जगाच्या पलीकडे, चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय, उडण्याच्या ढबीवरून ओळखली. वॉक नेणाऱ्या बाईंनी त्या क्षणी बोट ओठांवर ठेवण्याऐवजी "काय म्हणाल्या त्या?" एवढं विचारलं असतं, तर चौतीस जण घरी जाऊन तीच गोष्ट सांगत बसले असते. त्या रविवारी क्लबच्या हातातून नेमकं काय गेलं, ते हे. मेलमध्ये ते कुठेच नाही.

तेव्हा राईचा पर्वत नाही. राई आहे, पण खरी आहे.

आता तुलाही थोड्या कानपिचक्या. पक्षी दाखवायचे असतील तर चौतीस माणसं नेत नाहीत गं. बारा, फार तर पंधरा. मागच्या वीस जणांना पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या असणार. साडेसात म्हणजे साडेसात, हेही तू सांगायला हवं होतंस, कारण ऊन चढलं की पक्षी बसतात आणि बाईंची चिडचिड तिथूनच सुरू झाली असेल. भूपाळी बंद केलीस ते उत्तम. पाणथळ जागी फोनवर काहीही वाजवू नये, मग ती भूपाळी असो नाहीतर पक्ष्याला बोलवायला लावलेली पक्ष्याचीच शीळ. दुसरा प्रकार क्लबातले जुनेजाणतेही करतात, आणि तो भूपाळीपेक्षा वाईट.

पण नियम आणि आवड यांत फरक करायला शिक. घरट्यांजवळ न जाणं, पायवाट न सोडणं, स्पीकर न लावणं, प्राण्यांना खायला न घालणं हे नियम. ते पक्ष्यांसाठी आहेत आणि सगळ्यांनी पाळायचे. बाकांवर बसून पोहे खायचे नाहीत, हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलाय? नऊवारीखाली स्नीकर घालायचे नाहीत, मराठीत बोलायचं नाही, आनंद झाला तर ओरडायचं नाही? ही त्या बाईंची आवड आहे. त्यांना निसर्ग म्हणजे देवघर वाटतो. आपल्याला तो जत्रेची वाट वाटतो, आणि जत्रेच्या वाटेवर शिदोरी सोडतात. दोन्ही पद्धती खऱ्या आहेत, पण एका पद्धतीला 'शिस्त' म्हणतात आणि दुसरीला 'समजावून आणा' म्हणतात, तिथे गोची आहे.

हे देवघर कुठून आलं तेही जरा बघ. तुझ्या घरापासून चारेक तासांवर योसेमिटी नॅशनल पार्क आहे. १८५१ साली मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्या दरीत शिरली, तिथल्या मूळच्या आहवाहनीची लोकांची घरं आणि धान्यसाठे जाळले आणि त्यांना हुसकून लावलं. ज्यांच्या हातांनी ते कुरण राखलं गेलं होतं ते गेल्यावर ती जागा 'माणसाचा हात न लागलेली' ठरली. पुढे तिथे रस्ते झाले. १८७० आणि १८८०च्या दशकांत तिथल्या डोंगरातले कितीतरी रस्ते चिनी मजुरांनी हाताने खोदले. १९०३ साली त्याच डोंगररांगेतल्या सिक्वोया पार्कचा कारभार सैन्याकडे होता, आणि त्या उन्हाळ्यात पार्कचा प्रभारी अधीक्षक होता कॅप्टन चार्ल्स यंग, कृष्णवर्णीय घोडदळाचा कृष्णवर्णीय अधिकारी. त्याच्या माणसांनी राक्षसी झाडांच्या वनापर्यंत गाडीरस्ता पुरा केला. मग १९१५ साली वॉशिंग्टनच्या बड्या मंडळींना डोंगरात फिरवून नॅशनल पार्कांसाठी वेगळं खातं मंजूर करून घ्यायचं ठरलं, तेव्हा दोन आठवडे त्यांच्या ताटात काय पडलं? टाय सिंग नावाच्या चिनी आचाऱ्याचं जेवण. भर रानात, आणि तरी पांढऱ्या टेबलक्लॉथवर. पावाची कणीक तो खेचराच्या पाठीवर बांधायचा, जनावराच्या अंगाच्या उबेने ती चालता चालता फुगायची. पुढच्या वर्षी कायदा झाला. टाय सिंगच्या नावाचं एक शिखर आहे योसेमिटीत, आणि चिनी-अमेरिकन लोक आता तिथे वर्षाला वारी काढतात.

हे सगळं पाल्हाळ कशाला? "तुमचे लोक इकडे येत नाहीत" हे वाक्य क्लबात पुन्हा कुणी बोललं तर तुझ्या हाताशी असावं म्हणून. लोक होतेच. मजूर, शिपाई, आचारी होते. पाहुणे म्हणून मोजले नव्हते.

आणि मोजायचे ठरवले तेव्हाही कसे, तर व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ पार्कात १९३९ साली कृष्णवर्णीयांसाठी वेगळा तळ उघडला, लुइस माउंटन, तशी पाटी लावून. सरकारी पार्क, सरकारी पाटी. १९४५ साली पार्कात भेद नको असा हुकूम निघाला, तरी तो सगळीकडे पोचायला पुढची काही वर्षं गेली.

हे वाचून तुला महाड आठवलं असेल. मला तरी आठवतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद चोख होता. तळ्यावर मात्र कोणी दलित जाऊ शकला नाही, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांबरोबर जाऊन ओंजळभर पाणी प्यायल्यावर मारहाण झाली, नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. खुलं आहे असं लिहिणं आणि माणसाला तिथे निवांत बसता येणं यांच्यातलं अंतर काय असतं, हे मराठी माणसाला अमेरिकेने शिकवायची गरज नाही. आपण ते शिकूनसवरून विसरतो, एवढंच.

आता तुझ्या काकांकडे आणि त्या सतरा अंगठ्यांकडे येते.

लेक मेरिट कसलं ठिकाण आहे, ठाऊक आहे त्यांना? १८७० साली ते अमेरिकेतलं पहिलं सरकारमान्य वन्यजीव अभयारण्य ठरलं. यलोस्टोन या पहिल्या नॅशनल पार्कच्याही दोन वर्षं आधी. हिवाळ्यात तिथे बदकांची जत्रा असते, तुमच्या क्लबला हेवा वाटावा अशी. एप्रिल २०१८ मध्ये त्याच तळ्याकाठी काही कृष्णवर्णीय मंडळी शेगडीवर मांस भाजत होती. एका गोऱ्या बाईने पोलिसांना फोन लावला. तिचं म्हणणं, इथे कोळशाच्या शेगडीला परवानगी नाही. आता बघ, नियम होता! पण त्या तळ्यावर माणसं वर्षानुवर्षं शेगड्या लावत आलेली, आणि फोन लागला तो नेमका त्यांच्यावर. तीन आठवड्यांनी शेकडो लोक मुद्दाम शेगड्या, गाणी, पोरंबाळं घेऊन त्याच काठावर जेवायला जमले. भांडायला नाही, जेवायला. मला तो प्रकार फार आवडला. आपल्याकडे सहभोजनं झाली आहेत, त्यामुळे अर्थ लगेच लागतो.

मग २५ मे २०२०. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ख्रिश्चन कूपर नावाचा कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षक सकाळी दुर्बीण घेऊन फिरत होता. एका बाईला त्याने कुत्रं पट्ट्याला बांधायला सांगितलं. तिथे तसा नियमच आहे. तिने पोलिसांना फोन करून सांगितलं की एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. काही दिवसांतच कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकांनी आपला एक सप्ताह सुरू केला, तो दरवर्षी होतो.

हे तुला अशासाठी सांगतेय की तुझ्या कमिटीच्या कागदावर 'कम्युनिटीज ऑफ कलर', म्हणजे गोरे नसलेले सगळे, असा एकच शब्द असणार, आणि तो शब्द सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. तुझ्या सासूबाई गेल्या नाहीत तर त्यामागे अपमान आहे, संकोच आहे, वेळेची आणि बाथरूमची चिंता आहे. ओकलंडचा एखादा बाप पोराला घेऊन रानात जायला कचरतो, त्यामागे पोलीस आहे, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. दोन्हींवर औषध एक नाही. बाके वाढवून पहिलं सुटेल, दुसरं सुटणार नाही. आणि गंमत अशी, की मंडळात हा शब्द मोठ्याने वाचून दाखव, निम्म्यांना वाटेलच की हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. आपण स्वतःला त्यात धरत नाही. कृष्णवर्णीयांसाठी आपल्या घरांत जो शब्द वापरतात तो मी इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे.

काकांना ग्रुपवर झापू नकोस. सतरा अंगठ्यांसमोर कुणी सुधारत नाही, उलट मग रात्री दीडपर्यंत फॉरवर्ड येत राहतात. त्यांना फोन कर. "काका, गाडी फुटायची भीती असेल तर गाडीत बॅग ठेवायची नाही एवढंच. पण 'तसले लोक' हे मला बरं वाटलं नाही. आपल्याला त्या दिवशी 'तुम्ही इथलेच का' विचारलं, तेव्हा आपल्याला तरी कुठे बरं वाटलं होतं?" इतकंच बोल आणि थांब. ते गुरगुरतील. गुरगुरू देत. मग सहलीची जागा पुन्हा तीच सुचव, आणि या वेळी आधी दोन-तीन घरांना फोन करून ठेव म्हणजे तू एकटी पडणार नाहीस. मंडळाचं राजकारण तुला मी काय शिकवू.

यात मी कुठल्या तोंडाने बोलते तेही सांगते. १९८०च्या दशकात पुण्यात मीही एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये होते. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर आम्ही किती वेळा गेलो असू! दर वेळी गावातला एक महादेव कोळी मुलगा बरोबर असायचा, सोळा-सतरा वर्षांचा. आमचा वाटाड्या. धुक्यात वाट तो शोधायचा, पाणी कुठल्या टाक्यातलं प्यायचं ते तो सांगायचा, कारवी फुलायचं वर्ष कुठलं हे त्याला पाठ. रात्री गुहेत आम्ही गाणी म्हणायचो, तो बाहेर चुलीपाशी. आमच्या वार्षिक अंकात गडाची उंची छापली, रस्ता छापला, वर्गणी न भरणाऱ्यांची नावंसुद्धा छापली. त्याचं नाव नाही. आम्ही वाईट वागलो नाही त्याच्याशी. पैसे चोख दिले, जुने बूट दिले. ग्रुपमध्ये ये, असं मात्र कुणी म्हणालं नाही, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज मला सगळ्यांचा चहा किती साखरेचा ते आठवतं आणि त्याचं नाव आठवत नाही.

तुमच्या क्लबात तू आत्ता थोडीशी तो वाटाड्या आहेस. नीट बघ. तुला काय काम दिलंय? माणसं आण. वॉक कुठला, किती वाजता, कुठल्या वाटेने, मध्ये थांबायचं की नाही, हे ठरवणाऱ्या कमिटीवर तू आहेस का? नाहीस. बोलावण्याचं काम तुझं, ठरवण्याचं त्यांचं, आणि काही बिनसलं तर समजावून आणायचंही तुझंच. हे मान्य करू नकोस.

आणि "आपल्या लोकांना निसर्गाकडे आणायचं कसं" हा प्रश्न तर मुळातच उलटा आहे. फ्रीमाँटमध्ये राहतेस ना? शनिवारी सकाळी मिशन पीकच्या पायथ्याशी उभी राहा. अडीच हजार फुटांचा डोंगर, सावली नाही, आणि तरी अर्धी वाट तेलुगू, तमिळ, पंजाबी, मराठी आणि चिनी बोलत वर चाललेली. गर्दी इतकी की स्टॅनफर्ड अव्हेन्यूच्या आसपासच्या गल्ल्यांत रहिवाशांच्या परवान्याशिवाय गाडी लावता येणार नाही असे नियम शहराला करावे लागले. निम्म्याहून जास्त आशियाई वंशाच्या शहरात हे होणारच. आपली माणसं निसर्गात येतात. तुमच्या क्लबात येत नाहीत, एवढंच. मग क्लबने मिशन पीकच्या पायथ्याशी एक दुर्बीण तिवईवर लावून उभं राहावं की. उतरणाऱ्या पोरांना लाल शेपटीचा ससाणा दाखवावा. हे काम भारी वाटत नाही, अहवालात शोभतही नाही, पण चालतं.

म्हणून क्लब आत्ताच सोडू नकोस. आधी मेलचं उत्तर दे. मराठीत लिहिते, इंग्रजी तू कर, आणि कर तेव्हा उगाच तीन वेळा माफी मागू नकोस:

"त्या रविवारी गट फार मोठा झाला आणि उशीर झाला, ती माझी चूक. पुढच्या वेळी पंधरा जणच असतील. पण वागणं समजावून आणण्याचं काम मी करणार नाही. पक्ष्यांसाठी जे नियम आहेत ते वॉकच्या सुरुवातीला सर्वांनाच सांगावेत, जुन्या सदस्यांनाही. त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी घार सर्वांआधी बघितली आणि त्यांना गप्प केलं गेलं. त्याबद्दल कुणीतरी त्यांना दोन शब्द बोलावेत असं मला वाटतं. मला डायव्हर्सिटी कमिटीऐवजी वॉक ठरवणाऱ्या कमिटीत यायचं आहे. या हिवाळ्यात एक वॉक मी नेईन. वेळ साडेनऊ, सपाट वाट, अर्ध्या तासाच्या आत बाथरूम, दोन ठिकाणी बाक, आणि शेवटी टेबलांवर बसून खाणं. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. क्लबकडून आठ दुर्बिणी लागतील."

साडेनऊला पक्षी कमी दिसतील, असं कुणीतरी म्हणेल. म्हणू दे, खरंच आहे ते. पण खाडीवर हिवाळ्यात साडेनऊलाही इतकं असतं की नवशिक्याचं पोट भरतं. लाल काड्यांसारख्या पायांचा, काळापांढरा शेकाट्या तिथे आहे, तो दाखवलास तर प्रत्येक आजोबा म्हणतील, आमच्या धरणावर असतो हा. जवळजवळ बरोबरच म्हणतील, कापशीसारखं.

दुर्बिणींचा आग्रह मुद्दाम धरलाय. बऱ्यापैकी दुर्बीण म्हणजे शंभरेक डॉलर, आणि पहिल्याच रविवारी रिकाम्या हाताने उभं राहणं फार अवघड असतं. दुसऱ्याची दुर्बीण अर्धा मिनिट मागून घ्यायची, नीट न दिसताच "हो हो, दिसला" म्हणून परत करायची. मी हे दोन वर्षं केलंय. असंच आणखी एक सांगून ठेवते: कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक वाचनालयांतून पुस्तकासारखाच स्टेट पार्कांचा गाडीचा पास घरी नेता येतो, त्यावर बऱ्याच पार्कांत प्रवेशाचे पैसे पडत नाहीत. ज्यांचे आईवडील सहा महिने येतात आणि सोफ्यावर बसून कंटाळतात, त्यांना तरी हे सांगायलाच हवं. आपल्या मंडळात कुणाला माहीत नसतं.

क्लबने यातलं किती ऐकलं ते वसंतापर्यंत बघ. बाईंनी सासूबाईंची माफी मागितली, पण वॉक दिला नाही, तर समज की त्यांना फोटोतले चेहरे हवे होते. मग सोड. पत्र-बित्र लिहू नकोस, कमिटीतून नाव काढून घे आणि पंधरा जणांचा तुझा रविवार तू सुरू कर. पार्क क्लबच्या मालकीचं नाही. आणि वॉक दिला पण माफी नाही मागितली, तर? मी तरी वॉक घेईन. माफीपेक्षा वेळापत्रक टिकतं. तुझ्या सासूबाईंचं मत वेगळं असू शकेल, त्यांना विचार.

ओकलंडच्या बाबतीत एक सूचना आहे, कारण तू उत्साही दिसतेस. 'मराठी मंडळ आणि कृष्णवर्णीय समाज यांचा संयुक्त निसर्ग-मेळावा' असलं काही काढू नकोस. बॅनर होईल, भाषणं होतील, ढोल-ताशा होईल आणि सगळे आपापल्या टेबलांवर जेवतील. ओकलंडमध्येच रू मॅप यांनी २००९ मध्ये 'आउटडोअर ॲफ्रो' सुरू केलं, आता ते देशभर पसरलंय. लॅटिनो लोकांचीही अशी संस्था आहे, २०१३ पासूनची. त्यांनी कुणी बोलावण्याची वाट पाहिली नाही. त्यांची माणसं ट्रेलवर भेटतील तेव्हा पाहुण्यासारखी वाग, शिकायला मिळेल ते शिक. ओळख झाली, दोनतीनदा भेट झाली, मग बघू. तोवर लेक मेरिटच्या सहलीला आपले सव्वाशे लोक नुसते शांतपणे, शेजारच्या टेबलाला हसून, कचरा उचलून परत आले तरी मी पेढे वाटीन.

राहिल्या सासूबाई. त्यांना क्लबचं नावही काढू नकोस. एखाद्या मंगळवारी, मुलं शाळेत गेली की, दोघीच जा. कोयोटी हिल्सला जा. गाडी आतपर्यंत जाते, वाट सपाट आहे, बाक आहेत. तिथे ओलोनी लोकांची दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती होती, शिंपल्यांच्या ढिगाऱ्यावर बसलेली. सासूबाईंना तेही सांग. युनिफॉर्म घातलेला कुणी रेंजर दिसला तर आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आधी पासपोर्ट आठवतो, म्हणून तूच पुढे होऊन त्याला नमस्कार कर, आणि सासूबाईंना विचारायचं असेल ते विचारू दे.

घार दिसली की तू काही बोलू नकोस. त्यांना बोलू दे, हव्या तेवढ्या मोठ्याने. ती घार त्याने उडून जात नाही. उंदरावर नजर असली की तिला जगाची पर्वा नसते. आणि एक वही बरोबर ठेव. त्यांना कापशी माहीत आहे म्हणजे आणखी पंचवीस-तीस नावं माहीत असणार, वर्ध्या-यवतमाळकडची, जी पुस्तकांत वेगळीच छापलेली असतात. ती तुला हिवाळ्यातल्या वॉकला लागतील.

पोहे न्यायला विसरू नकोस. मात्र शेव सांडली तर उचला, तिथल्या खारी फार निर्लज्ज आहेत.

— ताई